वाट पाहण्याची विद्या

परप्रांतात राहणाऱ्या माणसाला आपले आजारपण एकाहून अधिक भाषांतून भोगावे लागते. दुखते ते मायबोलीत; परंतु सांगावे लागते शेजाऱ्याच्या भाषेत, कागदावर उतरते ते इंग्रजीत, आणि त्यावरचा उपाय मात्र पुन्हा मायबोलीतच सुचवला जातो, तोही पावणेतीनशे किलोमीटरांवरून, दूरध्वनीने. आम्ही हैदराबादचे मराठी. आमचे आजोबा नांदेडहून ज्या राज्याच्या राजधानीत नोकरीस आले, ते राज्य १९५६ साली भाषेप्रमाणे तिघांत वाटले गेले. नांदेड तिकडे गेले, आजोबा इकडे राहिले. तेव्हापासून आमच्या घरात आनंद तेलुगू शेजाऱ्यांबरोबर साजरा होतो आणि काळजीच्या वेळी नांदेडला फोन लागतो.

येथे ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे, पती आणि पत्नी. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. जे एकीच्याच देहाला सोसावे लागले ते तिच्याकडे ठेवून, जे दोघांच्या वाट्याला आले तेवढेच ‘आम्ही’ या शब्दात घातले आहे. गर्भारपण दोघांचे असते असे म्हणण्याची आजकाल रीत आहे. पण पोटात दुखते तेव्हा ते एकाच्याच पोटात दुखते, ही गोष्ट लिहिताना विसरू नये, एवढी खबरदारी आम्ही घेतली आहे.

२०१८ च्या जूनअखेरीस, आठव्या आठवड्यात, पहिली सोनोग्राफी झाली. त्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी कायद्याने सक्तीची केलेली पाटी तेलुगू आणि इंग्रजीत लावलेली होती. पडद्यावर बाळाच्या हृदयाची फडफड दिसली. आम्ही काही बोलणार तोच तपासणाऱ्या बाई गप्प झाल्या, आणि पडद्यावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत रेघा ओढून मापे घेऊ लागल्या. बाळाच्या शेजारी आणखी तिघी होत्या. दोन लहान, सुपारी आणि आवळ्याएवढ्या. तिसरी सात सेंटिमीटरांची. आमच्या डॉक्टरीणबाई तेलुगूभाषी. त्यांनी आपल्या रीतीने माप सांगितले : “बत्तईएवढी आहे.” बत्तई म्हणजे मोसंबे. त्या दिवसापासून कित्येक महिने आम्ही घरात मोसंबी आणली नाहीत.

तिला डॉक्टर ‘फायब्रॉइड’ म्हणत. दवाखान्यातील आयाबाई ‘गड्ड’ म्हणत. शेजारच्या खाला हळू आवाजात ‘रसौली’ म्हणत. आम्ही ‘गाठ’ म्हणू लागलो, आणि त्या शब्दाशीच आमची प्रथम ओळख व्हायला हवी होती असे वाटले. मराठीत गाठ ही नेहमी वाईटच असते असे नाही. लग्नात गाठ बांधतात, जिवलगाची गाठ पडते, शहाणा माणूस मनाशी खूणगाठ बांधतो. परंतु पोटात गाठ म्हटले की यांतले काही आठवत नाही. आठवतो तो एकच रोग, ज्याचे नाव आमच्या घरांत आजही पुरते उच्चारले जात नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत ते नाव स्पष्ट उच्चारले आणि सांगितले की ही ती नव्हे. तेव्हा कुठे पुढचे ऐकण्याइतके कान मोकळे झाले.

त्यांनी सांगितले ते असे. गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची असते. त्या स्नायूंतील पेशी कधी कधी एका ठिकाणी वाढत जाऊन त्यांचा घट्ट, वाटोळा गोळा बनतो. हा फायब्रॉइड. तो कर्करोग नव्हे. शरीरातील स्त्री-संप्रेरकांवर तो पोसतो, म्हणून पाळी थांबल्यावर सहसा आक्रसतो. तो इतका सर्वसामान्य आहे की अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशीपर्यंत पोहोचलेल्या गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि काळ्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात तो आढळला होता. यांतील कित्येकींना तो असल्याचे कधी कळलेही नसते. गर्भवतींमध्ये तो सापडण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत दोनपासून दहा टक्क्यांपर्यंत दिसते. आणि यांतील बहुसंख्य स्त्रियांचे दिवस सुखरूप भरतात.

मग भीती कशाची? त्यांनी औषधाच्या कागदामागे एक उलटा पेरू काढला. हे गर्भाशय. गाठ त्याच्या बाहेरच्या अंगाला असली तर ती बहुधा निरुपद्रवी; भिंतीच्या पोटात असली तर लक्ष ठेवण्याजोगी; आतल्या पोकळीत डोकावत असली तर गर्भ टिकण्यासच अडचण. वार जर नेमकी मोठ्या गाठीवर रुजली तर ती वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. गाठ खाली, वाटेवर असली तर बाळाची वाट अडते. पोकळीचा आकार बदलला तर बाळ डोके खाली न करता आडवे किंवा पायाळू राहते. कळा लवकर सुरू होऊ शकतात, आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव अधिक होऊ शकतो. म्हणजे गाठ किती मोठी, याहून ती कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा. आमची मोठी गाठ पुढच्या भिंतीत, खालच्या बाजूस होती. वार मागच्या भिंतीला रुजली होती. “एक गोष्ट चांगली, एक मधली,” असे म्हणून त्यांनी कागद आमच्या हाती दिला. आम्ही विचारले, आता करायचे काय? त्या म्हणाल्या, “आता वाट पाहायची.”

या उत्तराचा आम्हांला राग आला. पैसे भरून, रजा काढून, रांगेत बसून माणूस डॉक्टरकडे जातो तो काहीतरी करवून घेण्यासाठी. वाट काय, ती घरी बसूनही पाहता येते. त्या रात्री नांदेडच्या आत्यांना फोन केला. आमच्या घरात वडीलधारे माणूस आता त्याच एक. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “कशाला ठेवायची रे ती ब्याद पोटात? लेकराचं रक्त पिईल ती. काढून टाका म्हणावं आधी.” मग सूनबाईंना फोन देण्यास सांगून त्यांनी तेच पुन्हा, अधिक मायेने सांगितले.

आत्यांचा हा प्रश्न आम्ही पुढच्या भेटीत जसाच्या तसा विचारला, आणि त्याचे उत्तर मिळाले ते असे. गर्भारपणात गर्भाशयाकडे रक्ताचा ओघ लागतो. दिवस भरत येतात तेव्हा मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त तिकडे जात असते. अशा भिंतीत सुरी घालणे म्हणजे पूर आलेल्या नदीचा बांध फोडून आतला दगड काढण्यासारखे. गाठ निघेल, पण रक्त थांबवता थांबवता गर्भ आणि गर्भाशय दोन्ही जाण्याचे भय. शिवाय गाठ बाळाचे रक्त पिते ही समजूत खरी नाही; बाळाला रक्त पोचते ते वारेतून. आणि गर्भारपणात गाठी भरमसाट वाढतात असे पूर्वी मानीत, परंतु सोनोग्राफीने वारंवार मापे घेऊन पाहिल्यावर असे दिसून आले की निम्म्याहून अधिक गाठी फारशा वाढत नाहीत किंवा उलट लहान होतात; ज्या वाढतात त्यांची बहुतेक वाढ पहिल्या तीन महिन्यांत होते.

वाट पाहण्याचा हा सल्ला नवा नाही, हे पुढे आमच्या वाचनात आले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात गुल्माचा एक अध्याय आहे. त्यात केवळ स्त्रियांनाच होणारा रक्तगुल्म सांगितला आहे. त्याची लक्षणे गर्भासारखीच असतात. म्हणून दहावा महिना उलटून गेल्यावरच त्यावर उपचार करावा, अशी चरकाची आज्ञा आहे. रक्तगुल्म म्हणजेच आजचा फायब्रॉइड असे आम्ही म्हणत नाही. तो वाद वैद्यांचा. आम्हांला भावला तो त्यामागचा विवेक. पोटात गर्भ आहे की गुल्म हे बाहेरून कळत नसेल, तर हात आवरावा. कारण चुकीचा उपचार रोगाहून महाग पडेल. त्या वैद्यापाशी आत पाहण्याचे साधन नव्हते. पण न पाहता हात घालू नये, एवढे त्याला कळत होते.

तथापि वाट पाहणे आणि स्वस्थ बसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही त्या महिन्यांत शिकलो. डॉक्टरीणबाईंनी एका वहीत आम्हांला कामे लिहून दिली. दर चार आठवड्यांनी गाठीचे माप आणि बाळाची वाढ. पहिल्या तपासणीत रक्तातील हिमोग्लोबिन ८·६ निघाले होते. कारण या गाठींमुळे आधीची कित्येक वर्षे पाळीत रक्त फार जात असे, आणि बायकांचे असेच असते असे समजून आमच्या घरात ते कोणी मनावर घेतले नव्हते. प्रसूतीत रक्त जाण्याचा संभव आहे तर आधी शिल्लक वाढवली पाहिजे. म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि चौथ्या महिन्यानंतर शिरेतून लोह. याशिवाय वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी ठळक लिहिलेल्या : रक्त दिसले, पाणी गेले, पोट ठरावीक वेळाने आवळू लागले, किंवा एकाच जागी असह्य दुखू लागले, तर रात्र असो वा सण, निघून यावे. खाली दोन दूरध्वनी क्रमांक. ही वही आम्ही देवघरातील पंचांगाशेजारी ठेवली.

आणि खरोखरच सण होता. १३ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या गल्लीत मंडपात रात्रभर गाणी चालत. दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या पोटात उजवीकडे, खाली, दुखू लागले. पहाटेपर्यंत ताप आला, उलट्या सुरू झाल्या, आणि त्या एका जागेला बोट लावू देईना. एकोणिसावा आठवडा. वाचू शकेल अशा वयाचे बाळ अजून झालेले नव्हते. आम्ही जवळच्या एका रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी आंत्रपुच्छाचा संशय घेतला आणि तासाभरात पोट उघडण्याची भाषा सुरू केली. त्यांचा संशय वावगा नव्हता. लक्षणे तशीच होती. परंतु गाठ आहे हे सांगितल्यावरही ते सोनोग्राफीसाठी थांबण्यास तयार होईनात. वहीतले दोन क्रमांक होते म्हणून आम्ही थांबलो. फोनवर डॉक्टरीणबाईंनी एवढेच विचारले, “दुखते ते गाठीवरच का?” आणि आपल्याकडे बोलावले.

तेथे सोनोग्राफीची कांडी गाठीवर दाबली की ती कळवळे, बाजूला सरकवली की शांत होई. निदान झाले. मोठी गाठ आपल्या रक्तपुरवठ्यापेक्षा मोठी झाली होती. तिच्या गाभ्याला रक्त पुरेना, आणि तो आतल्या आत मरू लागला होता. अशा वेळी गाठ आतून तांबडीलाल पडते, म्हणून इंग्रजीत यास ‘रेड डिजनरेशन’ म्हणतात. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत, विशेषतः पाच सेंटिमीटरांहून मोठ्या गाठींच्या बाबतीत, हे घडते. दुखणे भयंकर, पण ते सहसा काही दिवसांत आपोआप शमते. उपचार म्हणजे अंथरूण, शिरेतून सलाइन, उलटी थांबवण्याचे औषध, पॅरासिटामॉल. आणि तेवढ्याने न भागल्याने दोन दिवस आणखी एक वेदनाशामक, डॉक्टरांच्या डोळ्यांखाली, मोजून. हे दुसरे औषध आयबुप्रोफेनच्या जातीचे. ते गर्भारपणाच्या उत्तरार्धात बाळाच्या मूत्रपिंडांस आणि हृदयालगतच्या एका रक्तवाहिनीस अपाय करू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली विसाव्या आठवड्यापासून पुढे ते टाळण्याचा इशारा दिला आहे. म्हणून ज्या भगिनी हे वाचतील त्यांनी घरातील डब्यातली कोणतीही दुखण्याची गोळी अशा दिवसांत आपल्या मताने घेऊ नये, एवढे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी तिने ताकभात मागितला. बाळाचे ठोके सगळा वेळ नियमित होते. अनंतचतुर्दशीच्या दिवशी हुसेन सागराकडे जाणाऱ्या मिरवणुकीचे ढोल तिने घरच्या अंथरुणावर पडून ऐकले.

त्या पाच दिवसांत आम्ही त्या कांडीकडे फार वेळ पाहत होतो. तिच्या जन्माची कथा आम्हांला नंतर वाचायला मिळाली, आणि ती या लेखाच्या विषयाशी इतकी निगडित आहे की येथे सांगितली पाहिजे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इयन डोनाल्ड हे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५५ च्या जुलैत ते, शस्त्रक्रियेत नुकत्याच काढलेल्या गाठी मोटारीत घालून, जवळच्या रेनफ्रू गावातील बाष्पित्रांच्या एका कारखान्यात गेले. धातूच्या जाड पत्र्यात आत भेग आहे की काय हे ध्वनिलहरींनी शोधण्याचे यंत्र त्या कारखान्यात होते. त्या गाठींत बीजकोशातील पाण्याच्या गाठी होत्या, आणि फायब्रॉइड होते. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा पुरवला. पाण्याची गाठ आणि स्नायूंची गाठ यांच्यावरून परतणारे ध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. १९५८ साली डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढे त्याच विद्येने गर्भ दिसू लागला. म्हणजे आज ज्या पडद्यावर आईबाप आपल्या लेकराचे पहिले दर्शन घेतात, त्या पडद्याचा श्रीगणेशा जिवंत बाळावर नव्हे, फायब्रॉइडवर झाला. डोनाल्डांची ती कांडी आली आणि मग वाट पाहणे ही केवळ सोशिकता न राहता विद्या झाली; कारण डोळस माणसालाच निश्चिंतपणे थांबता येते.

डिसेंबरात गाठ नऊ सेंटिमीटरांची झाली होती आणि मग वाढायची थांबली. गर्भाशय वर वर वाढत गेले तशी ती थोडी वर सरकली, पण पुरती नाही. जानेवारीत, छत्तिसाव्या आठवड्यात, बाळ पायाळू असल्याचे नक्की झाले. नांदेडला हे कळताच आत्या एकदम खूष. पायाळू माणसाची लाथ बसली की भरलेली पाठ मोकळी होते, ही श्रद्धा त्यांच्या गावात अजून जिवंत आहे. आणि त्यांची पाठ गेली कित्येक वर्षे भरलेली. आम्ही मात्र शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. हिमोग्लोबिन एव्हाना १०·८ झाले होते. रक्ताच्या तीन पिशव्या राखून ठेवण्यास सांगितले होते. त्यांसाठी तिघे गेले : काचीगुड्याचे एक मराठी शिक्षक, समोरच्या घरातील रेड्डी, आणि खालांचा धाकटा मुलगा. कोणाचे रक्त कोणाला गेले हे रक्तपेढी सांगत नाही, आणि ते बरेच आहे.

आदल्या संध्याकाळी संमतिपत्र पुढे आले. त्यात एक ओळ होती : रक्तस्राव इतर उपायांनी न थांबल्यास, प्राण वाचवण्यासाठी गर्भाशय काढण्यास माझी संमती आहे. सही तिची, साक्ष त्याची. ही ओळ बहुतेक अशा कागदांवर असते, हे डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. तरी तिने लेखणी थोडा वेळ हातातच धरून ठेवली. मग विचारले, “हा शेवटचा उपाय ना?” “शेवटचा,” त्या म्हणाल्या, आणि त्याआधीचे सगळे उपाय एकामागून एक बोटांवर मोजून दाखवले. तिने सही केली.

त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते, पण ‘शेवटचा’ या शब्दालाही एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फायब्रॉइडवर रूढ उपाय गर्भाशयच काढण्याचा होता. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचे गर्भाशय तरुणपणीच याच कारणासाठी काढावे लागले; त्यांना अपत्य झाले नाही. बॉनी यांनी पुढे आपले कौशल्य गाठी तेवढ्या काढून गर्भाशय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेला वाहिले आणि तिचा आयुष्यभर पुरस्कार केला. घरातील एका रित्या पाळण्याने किती अनोळखी घरांतील पाळणे हलते केले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शस्त्रक्रिया जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात झाली. गाठ टाळून, नेहमीपेक्षा थोडा वर छेद घेतला. मुलगी झाली, दोन किलो सहाशे ग्रॅम. ती लगेच रडली. पण गर्भाशय आवळेना. निसर्गाची योजना अशी की वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि त्या आपोआप चिमटल्या जातात. भिंतीत गाठ असली की तेथला स्नायू नीट आवळत नाही, आणि रक्त वाहत राहते. ऑक्सिटोसिन चालू होतेच. मग दुसरे इंजेक्शन, मग तिसरे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे. हे औषध १९६२ साली जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या पतिपत्नींनी जगापुढे आणले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात त्याचा उपयोग किती, हे मात्र २०१७ साली, वीस हजार स्त्रियांवरील चाचणीनंतर कळले : तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. दीड वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले ते ज्ञान त्या दिवशी एका लहान बाटलीतून आमच्या घरी आले. एक लिटरहून थोडे अधिक रक्त गेले. एक पिशवी चढवावी लागली. वीस-पंचवीस मिनिटांनी गर्भाशय आवळले. बाहेरच्या बाकावर त्या मिनिटांना फार लांबी होती. संमतिपत्रातील ती ओळ वापरावी लागली नाही.

आत्या बाराव्याला आल्या. नातीला मांडीवर घेऊन, तिचे इवलेसे पाऊल आपल्या पाठीला लावून घेऊन झाल्यावर त्यांनी विचारले, “पोट उघडलंच होतं तर गाठ का काढली नाही?” हा प्रश्न शहाणपणाचा आहे आणि तो अनेकजण विचारतात. उत्तर पुन्हा रक्ताचेच. प्रसूतीच्या क्षणी गाठ कापणे, ती देठावर लोंबत असेल किंवा तिच्याशिवाय टाका घालता येत नसेल तर ठीक. अलीकडे काही निवडक रुग्णांत, अनुभवी हातांनी ते केलेही जाते. पण ज्या गर्भाशयातून आधीच रक्त थांबत नाही तेथे आणखी एक जखम करणे हे धाडस होय. शिवाय बाळंतपणानंतर गर्भाशय आक्रसते तशा पुष्कळ गाठीही आक्रसतात. सहा महिन्यांनी मोजली तेव्हा आमची नऊ सेंटिमीटरांची गाठ चार सेंटिमीटरांवर आली होती. दोन लहानींपैकी एक दिसेनाशी झाली होती.

हे ऐकून आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, “माझी एवढीच होती. मोसंब्याएवढी.” त्यांची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली होती, हे घरात सर्वांना ठाऊक होते, ‘पिशवी काढली नि सुटले’ हे त्यांचेच वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. त्यांना एकच मुलगा. दुसरे मूल हवे होते की नाही, हे त्यांना तेव्हा कोणी विचारले नव्हते, आणि दुसरा काही मार्ग असतो हेही कोणी सांगितले नव्हते. सात महिन्यांपूर्वी फोनवरून ‘काढून टाका’ म्हणणारा तो आवाज अज्ञानाचा नव्हता, हे आम्हांला त्या दिवशी समजले. तो, जिला एकच दार दाखवले गेले होते, अशा बाईचा आवाज होता.

अशा बायका थोड्या नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्क्यांचे गर्भाशय काढलेले आढळले. आम्ही राहतो त्या तेलंगणात हे प्रमाण ७ टक्क्यांच्या वर होते. कारण म्हणून बहुतेकींनी अतिरक्तस्राव किंवा वेदना सांगितली, त्याखालोखाल गाठी. यांतील कित्येक शस्त्रक्रिया आवश्यक असतील, यात शंका नाही. परंतु आवश्यक नसलेल्या किती, हा प्रश्न उरतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या अशाच शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाला समिती नेमावी लागली. ज्या बाईचा दिवसाचा रोज बुडता कामा नये, जिला दर चार आठवड्यांनी सोनोग्राफीला जाण्याचे भाडे परवडत नाही, जिच्या वहीत रात्री उचलला जाईल असा एकही क्रमांक नाही, तिला ‘वाट पाहा’ हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यावा? आम्हांला वाट पाहता आली. कारण आमच्यापाशी रजा होती, पैसा होता, तीन रक्तदाते होते आणि फोन उचलणारी डॉक्टरीण होती. थांबणे हा सर्वांत स्वस्त उपचार दिसतो. वस्तुतः या सगळ्यावाचून तो साधत नाही.

म्हणून, ज्या घरात असे वर्तमान येईल त्या घरातील माणसांना आम्ही एवढेच सुचवू. गाठीचे माप विचारा, पण तिची जागा आधी विचारा. वार कोठे आहे ते विचारा. रक्ताची शिल्लक वाढवा. प्रसूती अशा ठिकाणी ठरवा जेथे रक्त आणि शस्त्रक्रिया दोन्ही रात्रीही मिळतील. ‘वाट पाहू’ असे कोणी म्हटले तर रागावू नका. परंतु कशाची, किती दिवस, आणि तोवर काय काय करीत, हे विचारून लिहून घ्या. जेथे या तीन प्रश्नांना उत्तरे मिळतात तेथे वाट पाहणे हा उपचार आहे. जेथे मिळत नाहीत तेथे ती हेळसांड आहे.

मुलगी आता शाळेत जाते. घरात मराठी, दारात तेलुगू आणि खालांकडे दखनी बोलते. गाठ अजून आहे. वर्षातून एकदा तिचे माप घेतले जाते आणि वहीत लिहिले जाते. आत्या दर दिवाळीला येतात, आणि नातीला पाठीवर पाय द्यायला सांगतात. पाठ बरी झाल्याचे त्या सर्वांना सांगत असतात, आणि आम्हीही त्यांच्याशी वाद घालीत नाही.